ओहायोतली त्यागराज आराधना आणि खुर्च्या मांडणारी मिरजकर बाई

दुधीभोपळा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही ओहायोत कोलंबसला राहतो. लेक अकरा वर्षांची, सहाव्या वर्षापासून भरतनाट्यम शिकते. तिच्या बाई (इथे सगळे 'आंटी' म्हणतात, माझ्या तोंडात 'बाई'च बसलंय) आणि आणखी दहा-बारा कुटुंबं मिळून दाक्षिणात्य संगीत-नृत्याची एक छोटी संस्था चालवतात. संस्था म्हणजे काय, तर एक ना-नफा नोंदणी, एक बँक खातं आणि बाईंच्या गॅरेजमधली दोन कपाटं. वर्षाला तीन-चार मैफली, मुलांचा एक कार्यक्रम आणि हिवाळ्यात त्यागराज आराधना, म्हणजे कर्नाटक (दाक्षिणात्य शास्त्रीय) संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांच्या स्मरणाचा गाण्याचा दिवस.

आराधना खरी पौष वद्य पंचमीला, म्हणजे त्यागराजांच्या पुण्यतिथीला. ते १८४७ च्या जानेवारीत गेले. पण आमच्याकडे पंचमी नेहमी शनिवारीच येते. :)

यंदा मला समितीत घेतलं. कारण "तुम्हाला शंभर माणसांच्या भाताचा अंदाज आहे." तर भाताचा अंदाज, खुर्च्या, पार्किंगच्या पाट्या आणि समई. समईचा किस्सा असा की आम्ही शाळेचं सभागृह भाड्यानं घेतो, तिथे उघडी ज्योत चालत नाही. मागे एकदा कुणीतरी हौसेनं कापूर लावला, धुराची घंटा वाजली आणि त्यागराजांच्या तसबिरीसकट दीडशे माणसं बर्फात उभी राहिली. तेव्हापासून बॅटरीवरची समई. तिचे सेल बदलायचं काम आता माझ्याकडे.

मग आराधनेच्या दिवशी पंचरत्न कृती, म्हणजे त्यागराजांच्या पाच मोठ्या रचना, सुरू झाल्या. व्यासपीठावर आणि खाली जाजमावर मिळून साठ-सत्तर माणसं. डॉक्टर, प्रोग्रामर, आज्या, दात पडलेली पोरं. समोरासमोर रांगा, मधे पाच-सहा व्हायोलिनं, दोन मृदंगम. नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री, याच क्रमानं पाच राग आणि ताल सगळीकडे आदिताल. चरणांत आधी नुसते स्वर गातात आणि मग त्याच चालीवर शब्द. कुणी कुणाला खूण करत नाही, सगळ्यांचा हात मांडीवर एकदम पडतो. तासभर!

मी हातात कागद घेऊन मागच्या रांगेत. कागद रोमन लिपीत. आता गंमत बघा, तमिळ लोक रोमनमधे 'त' लिहायला टी-एच वापरतात आणि नुसता टी म्हणजे 'ट'. मला कोण सांगणार? मी आपली 'थ्यागराज', 'थिल्लाना' करत बसले. शेजारच्या आजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मी नुसते ओठ हलवायला लागले.

तर माझे प्रश्न. एक, परदेशात अशा दाक्षिणात्य मंडळांत रमलेले मराठी पालक इथे कोणी आहेत का? तुम्हाला तिथे कसं वाटतं, घरचं की पाहुण्यासारखं? दोन, पंचरत्नांचे शब्द देवनागरीत लिहून काढावेत असं मनात आहे. आगाऊपणा वाटेल का?

---

खडीसाखर

मस्त धागा! कापराचा किस्सा वाचून ऑफिसात फिसकन हसले.

---

एरीकाठचा

कोलंबस म्हणजे आमच्यापासून सव्वादोन तास. मी क्लीव्हलंडचा. ईस्टरच्या सुमाराला इकडे येत नसाल तर चूक करताय.

इथली त्यागराज आराधना १९७८ साली एका चर्चच्या तळघरात सुरू झाली. मृदंगवादक रामनाड राघवन यांचा आग्रह आणि व्ही. व्ही. सुंदरम, 'क्लीव्हलंड' बालसुब्रमण्यम, 'टोरंटो' वेंकटरमण यांच्यासारख्यांची खटपट. माणसाच्या नावामागे गावाचं नाव लावायची दक्षिणेतली रीत इथे येऊन क्लीव्हलंड आणि टोरंटोलाही चिकटली, हे मला फार आवडतं. आज तो दहा-बारा दिवसांचा उत्सव आहे, क्लीव्हलंड स्टेट युनिव्हर्सिटीत भरतो आणि भारताबाहेरच्या सगळ्यात मोठ्या कर्नाटक संगीत महोत्सवांत गणला जातो. मुलांच्या स्पर्धा असतात. त्या दिवसांत कॉरिडॉरमधे दर दहा पावलांवर एक पोर भिंतीकडे तोंड करून वर्णम घोकत असतं.

पंचमी जानेवारीत आणि उत्सव ईस्टरला का, हे एरी सरोवरावरून येणारा बर्फ फावड्यानं उपसलेल्या माणसाला विचारू नये.

घरचं की पाहुणं? पहिली तीन वर्षं पाहुणं. चौथ्या वर्षी चेन्नईच्या एका कलाकाराला विमानतळावरून आणायचं काम मिळालं. रात्री अकरा वाजता त्यांना दहीभात हवा होता. बायकोनं केला, वर कढीपत्त्याची फोडणी आणि आपलं लिंबाचं गोड लोणचं. त्यांनी लोणच्याची बाटली मागून नेली. त्यानंतर मला पाहुणं कोणी म्हटलेलं नाही.

---

स्पष्टवक्ता_१

थोडं विरोधी मत. आपल्या मराठी मंडळात गाणं-नाच शिकवायला माणूस मिळत नाही, गणपतीत तीच ती लेझीम आणि तीच ती फिल्मी गाणी. आणि आपलेच लोक दुसऱ्यांच्या संस्थेत भात शिजवतात. आधी घर सांभाळा.

शिवाय हे अरंगेट्रम, म्हणजे नाचाच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमाचं प्रकरण! पुतणीचं झालं गेल्या वर्षी. सभागृह, चेन्नईहून बोलावलेला वाद्यवृंद, पाच पोशाख, दागिने, तीनशे माणसांचं जेवण, छापील पुस्तिका. एवढ्यात बरी गाडी आली असती. वर्षभरात पोरगी कॉलेजला गेली आणि पायातले चाळ कपाटात. ही कला की लग्नाची रंगीत तालीम?

---

दुधीभोपळा

@एरीकाठचा, लोणच्याची युक्ती नोंदवून ठेवली.

@स्पष्टवक्ता, मराठी मंडळातही मी भातच शिजवते हो. :) अरंगेट्रमबद्दल मात्र तुमचं म्हणणं अगदीच खोटं नाही. आमच्या बाईंचाही त्यावर राग आहे. त्या म्हणतात, अरंगेट्रम म्हणजे रंगमंचावर पहिलं पाऊल, इथे त्याचा निरोपसमारंभ झाला. त्यांच्याकडे अट आहे की अरंगेट्रमनंतर दोन वर्षं लहानांच्या वर्गात मदत करायची. कबूल नसेल तर दुसरीकडे जा. दोन-तीन कुटुंबं गेलीही.

---

घटमकार

बाईंना माझा नमस्कार सांगा.

मुलगा मृदंगम शिकतो, आठवं वर्ष. त्या बाजूचं थोडं लिहितो, कारण नाचणारीकडे सगळे बघतात आणि वाद्यांचे हाल कुणाला दिसत नाहीत.

मृदंगम फणसाच्या लाकडाचा, दोन्ही तोंडांना चामडं. इथे हिवाळ्यात घरं तापवतात, हवा कोरडी ठणठणीत होते, चामडं ताणलं जातं आणि एका रात्री 'फट्' आवाज येतो. वाद्याच्या खोलीत आम्ही दमटपणासाठी यंत्र ठेवलंय, मुलाच्या खोलीत नाही. गायिकेचा स्वर उंच म्हणून तिच्यासाठी आखूड मृदंगम, गायकासाठी लांब. म्हणजे किमान दोन हवेत. दोन वर्षांपूर्वी भारतातून आणताना एक विमानात फुटला. पेटीवर 'नाजूक' लिहिलं होतं, बहुधा त्यामुळेच. भरपाईसाठी सहा महिने पत्रं लिहिली, शेवटी जी रक्कम आली तिच्यात नुसत्या चामड्याच्या वाद्या आल्या असत्या. दुरुस्ती इथे कोण करणार? चारशे मैलांवर एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे दोन महिन्यांची रांग.

बाकी डाव्या तोंडाला वाजवायच्या आधी रवा भिजवून त्याची गोळी थापतात. आपल्याकडे पखवाजाला कणीक लावतात तशीच. माझ्या आजोबांच्या गावी सप्ताहात पखवाजी बुवा आले की आजी न सांगता कणकेचा गोळा बाहेर पाठवायची. आता मी दर शनिवारी डब्यात चमचाभर रवा देतो. आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "जाड की बारीक?"

(उत्तर: बारीक.)

---

टेम्सकाठी

लंडनहून. इथे वेस्ट केन्सिंग्टनला भारतीय विद्या भवन आहे, संस्था १९७२ पासूनची. इमारत मूळची चर्चची. एकाच छताखाली कर्नाटक गायन, व्हायोलिन, मृदंगम, भरतनाट्यम आणि आपलं हिंदुस्तानी गायन, तबला, सतारसुद्धा. जिन्यात उभं राहिलं की खालून तबला आणि वरून जतिस्वरम ऐकू येतं. त्यामुळे 'त्यांचं-आपलं' हा प्रश्न आमच्या मुलांना पडतच नाही. त्यांना पडणारा प्रश्न एकच, शनिवारी सकाळी सातला का उठायचं.

एक सल्ला. कलाकार बोलवायचा असेल तर शेजारच्या चार शहरांतल्या मंडळांशी आधी बोला. डिसेंबरात सगळे चेन्नईच्या मार्गळी मोसमात, म्हणजे तिथल्या मैफलींच्या हंगामात, अडकलेले असतात, तेव्हा विचारूच नका.

---

एरीकाठचा

+१. अमेरिकेत तर त्याशिवाय पर्यायच नाही. कलाकारांना पी-३ व्हिसा लागतो. अर्ज इथल्या संस्थेनं करायचा, कला आपल्या परंपरेतली वैशिष्ट्यपूर्ण आहे याचे पुरावे जोडायचे, इथल्या एखाद्या कामगार संघटनेचं सल्लापत्र जोडायचं, दौऱ्याचा पूर्ण तक्ता द्यायचा. एक मोठी संस्था अर्ज करते आणि बाकीची गावं त्या तक्त्यात एकेक शनिवार-रविवार घेतात. कलाकार बिचारे आठ-दहा आठवडे दर सोमवारी नव्या घरी, नव्या पाहुण्यांच्या खोलीत. दर घरी इडलीच.

---

कृष्णाकाठची_मगर

@दुधीभोपळा, तुम्ही मिरजेच्या आणि "घरचं की पाहुण्यासारखं" असं विचारताय? अहो, तुमच्या गावच्या खाँसाहेबांनी त्यागराज गायलाय!

अब्दुल करीम खाँ. किराणा घराण्याचे, राहायला मिरजेत. म्हैसूर दरबारी जायचे, मद्रासकडे मैफली व्हायच्या, कर्नाटक संगीत मन लावून ऐकलं. त्यांच्या गाण्यात सरगमला जी जागा मिळाली तिच्यामागे हेच कान. आणि 'राम नी समानमेवरु' ही त्यागराजांची खरहरप्रियातली कृती त्यांनी ध्वनिमुद्रित केली आहे, शोधलीत की मिळेल. खरहरप्रिया म्हणजे ढोबळमानानं आपल्या काफीचे सूर, त्यामुळे कानाला परकं वाटत नाही.

गेलेही दक्षिणेतच. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडेचेरीला निघाले होते, वाटेत बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमाळकोविल नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरले आणि फलाटावरच संपलं. आणून पुरलं मिरजेला, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. तिथला उत्सव तुम्ही लहानपणी ऐकला असणार.

---

रायर_तंजावूर

नमस्कार. मी तंजावूरचा, आता चेन्नईत. घरी आम्ही जी मराठी बोलतो ती ऐकून पुण्याचे लोक हसतात, त्यामुळे लिहिताना जपून लिहितो.

स्पष्टवक्ते म्हणाले "दुसऱ्यांच्या संस्थेत". एवढंच सांगतो की भरतनाट्यमचा आज जो क्रम आहे, अलारिप्पु, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना, तो बसवला चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चार भावांनी. ते तंजावूरच्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या दरबारचे. सरफोजी म्हणजे भोसले. त्यांच्या नावावर मराठीतल्या नृत्यरचना आहेत, सरस्वती महाल ग्रंथालयानं छापल्याही आहेत. त्याआधीच्या शहाजीराजांनी तेलुगूत नाट्यप्रबंध लिहिले. राजे मराठी, रचना तेलुगू, नाचणाऱ्या आणि नट्टुवनार (नृत्यगुरू) तमिळ. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ सालचा लांबलचक मराठी शिलालेख आहे. शाळेत असताना मी त्याच्या सावलीत डबा खायचो.

आणि एक. दक्षिणेतली आजची हरिकथा. मोरगावकर बुवांसारखे मराठी कीर्तनकार एकोणिसाव्या शतकात तंजावूरला येऊन राहिले, त्यांचं कीर्तन ऐकून तंजावूर कृष्ण भागवतरांनी कथेची नवी पद्धत बसवली. तिच्यात साकी, दिंडी, ओवी, अभंग अजून त्याच नावांनी आहेत. माझ्या आजोबांचा एक तमिळ मित्र 'साकी' हा शब्द तमिळच समजायचा.

त्यागराज मात्र दरबारात आले नाहीत. सरफोजींचं बोलावणं त्यांनी परत पाठवलं अशी कथा आमच्याकडे सांगतात. ते राजाचं नुकसान.

---

खडीसाखर

आता कोणीतरी 'सांबार मूळचं मराठ्यांचं' हा विषय काढणार...

---

रायर_तंजावूर

मी नाही काढणार. :)

---

स्पष्टवक्ता_१

शिलालेखाचं माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो, अरंगेट्रमच्या जेवणाचे सोडून.

---

चाळवाली

सगळं छान चाललंय, पण बायकांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

तंजावूरजवळ तिरुवय्यारूला त्यागराजांची समाधी पडझड झालेली होती. तिथे देऊळ बांधलं बेंगळुरू नागरत्नम्मांनी, १९२० च्या दशकात, स्वतःच्या पैशानं. त्या देवदासी परंपरेतल्या, मोठ्या गायिका. आणि त्याच समाधीपुढे बायकांना गायला मनाई होती! जिनं देऊळ बांधलं तिलाच. मग त्यांनी देवळाच्या मागच्या बाजूला बायकांची वेगळी आराधना सुरू केली. वेगवेगळे गट एकत्र यायला १९४० साल उजाडलं. आपण आज जे सगळ्यांनी मिळून पंचरत्न गातो ती पद्धत त्या सुमाराची. त्या १९५२ मधे गेल्या, त्यांची समाधी त्यागराजांच्या समोरच आहे.

माझ्या वर्गात (न्यू जर्सी, आठवड्याला चौदा मुली) मी हे दर आराधनेला सांगते. मुली विचारतात, "मग त्यांनी दुसरीकडे का नाही गायलं?" अमेरिकेत वाढलेल्या पोरींचा प्रश्न. उत्तर द्यायला अजून जमलेलं नाही.

देवनागरी पुस्तिका नक्की करा. फक्त तेलुगूतले ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ सांभाळा, आपल्या लिपीत ते सहज दिसत नाहीत. श्री रागातल्या 'एन्दरो'तला ए आखूडच म्हणायचा. खाली तेलुगू जाणणाऱ्याची नजर फिरू द्या. आणि वराळीची 'कनकनरुचिरा' बाईंनी मुलीला समोर बसवून शिकवली नाही तर रागावू नका. वराळी गुरूनं शिष्याला थेट शिकवली तर दोघांचं बिनसतं अशी समजूत आहे. आमच्याकडे मुली ती ऐकून ऐकूनच उचलतात. मी मानत नाही, पण शिकवतही नाही.

---

घटमकार

@चाळवाली, शेवटचं वाक्य चौकटीत लावायला हवं.

---

दुधीभोपळा

दोन आठवडे गायब होते. क्षमस्व. एवढं सगळं वाचून काय लिहावं सुचेना.

@कृष्णाकाठची_मगर, दर्ग्यातला उत्सव ऐकलाय म्हणजे काय, मी तिथे चटईवर झोपलेली आहे. बाबा रात्रभर पुढे, आम्ही भावंडं मागे पायरीपाशी. खाँसाहेब दक्षिणेत स्टेशनवर गेले हे घरात सगळ्यांना पाठ. पण त्यागराज? शपथ सांगते, कोणी बोललं नाही.

शोधलं, मिळालं. गेल्या शनिवारी क्लासनंतर बाईंना ऐकवलं. मी फोनवर लावलं आणि नाव सांगितलं नाही. बाई चाळ गुंडाळून पिशवीत भरत होत्या. पहिल्या ओळीला हसल्या, "हा कोण, तेलुगू काय म्हणतोय हा!" मग स्वर सुरू झाले तशी मान एका बाजूला गेली. पिशवी खाली ठेवली आणि मांडीवर ताल धरला. संपलं तेव्हा म्हणाल्या, "परत लावा." तीनदा लावलं. तोवर तिघी-चौघी आया मुलींचे कोट हातात घेऊन दारात उभ्या. त्यांनाही बसवून ऐकवलं. तो गाणारा माझ्या गावचा, असं मी सांगितलं तेव्हा बाईंनी विचारलं, "मग इतकी वर्षं तुम्ही मागच्या रांगेत काय करत होतात?"

याचं उत्तर मजजवळ नाही. पुढच्या आराधनेला दुसऱ्या रांगेत बसायचं ठरलंय. पहिल्या नको, तिथे आजी असतात.

पुस्तिकेचं: पाचही कृती देवनागरीत उतरवल्या. चाळवालींनी सांगितल्याप्रमाणे आखूड ए आणि ओ वर खूण केली. तपासायला कोण बसलं असेल? त्याच आजी! तेलुगू निघाल्या, गुंटूरच्या. आमच्या स्वयंपाकघरात बसून लाल पेनानं तीन तास. सत्तावीस चुका काढल्या, त्यातल्या अकरा 'त' आणि 'थ'च्या. जाताना म्हणाल्या की त्यांची नात तेलुगू बोलते पण वाचत नाही, हिंदी मात्र शाळेत घेतलंय, तर एक प्रत तिलाही. गुजराती दोन घरं, कोंकणी एक, कानपूरचं एक, सगळ्यांनी मागितल्यात. चाळीस प्रती काढल्या होत्या, नऊ उरल्यात.

---

टेम्सकाठी

पीडीएफ मिळेल का?

---

घटमकार

मलाही. मुलाला नको म्हणतो, मला हवीय.

---

दुधीभोपळा

खरडवहीत इमेल टाका, पाठवते. फक्त आरभीच्या पानावर आमटीचा डाग आलाय स्कॅनमधे, तो स्वर समजू नका.